अँडीजमधील कारागिरांकडून न्याय्य व्यापाराचे कपडे कसे करवून घ्यावेत

पेरू, बोलिव्हिया किंवा इक्वेडोरमधील विणकरांकडून शाली, स्वेटर, टोप्या करवून घ्याव्यात आणि त्या न्याय्य व्यापाराचा (फेअर ट्रेड), म्हणजे कारागिराला रास्त मोबदला देऊन घेतलेला, माल म्हणून विकाव्यात, असा विचार करणारे मराठी डिझायनर, लहान दुकानदार आणि परदेशात राहून असा व्यवसाय उभारू पाहणारे लोक यांच्यासाठी हे मार्गदर्शन लिहिले आहे. या व्यापारात जोखीम कोणाच्या पदरात पडते, यावर सगळे अवलंबून असते. पैसे विणकराच्या हाती केव्हा पोचतात, मुदत कोणाच्या सोयीने ठरते, नमुन्याची मजुरी कोण देतो आणि माल खपला नाही तर नुकसान कोण सोसतो, एवढ्या गोष्टी ऑर्डर देतानाच ठरून जातात. पुढे लेबलावर काय छापले जाते, याला त्या मानाने कमी महत्त्व आहे.

अँडीज हा दक्षिण अमेरिकेतील सात देशांत पसरलेला डोंगराळ प्रदेश असल्यामुळे सर्व ठिकाणी एकच पद्धत लागू पडत नाही. पेरूतील कुस्कोजवळच्या खेड्यांत कमरेच्या मागावर विणणाऱ्या क्वेचुआ या स्थानिक समाजाच्या स्त्रिया, टिटिकाका सरोवराच्या परिसरात सुयांवर विणणाऱ्या आयमारा आणि क्वेचुआ स्त्रिया, इक्वेडोरमधील ओतावालोचे पायमागावरील विणकर आणि बोलिव्हियातील एल आल्तो शहराचे विणकाम गट यांची कामाची रीत, गती आणि अडचणी वेगवेगळ्या आहेत. येथे मुख्य भर दक्षिण पेरूवर ठेवला आहे, कारण अल्पाका या उंटाच्या कुळातील पाळीव प्राण्याच्या लोकरीचा आणि हातविणीचा सर्वांत दाट व्यवहार तेथे चालतो.

आधी संस्था पाहावी, नक्षी नंतर

पर्यटक म्हणून गेलेला माणूस बाजारात एखादी सुंदर शाल पाहतो, विणणाऱ्या बाईचा फोन नंबर घेतो आणि परत आल्यावर तिला पन्नास शालींची ऑर्डर पाठवतो. हेतू चांगला असला तरी ही सुरुवात चांगली नाही. एकट्या विणकराकडे लोकर आगाऊ विकत घेण्याइतके भांडवल नसते, निर्यातीची कागदपत्रे करण्याची सोय नसते, आणि ती आजारी पडली किंवा शेतीच्या कामात अडकली तर तिच्या जागी काम उचलणारे कोणी नसते. म्हणून प्रारंभी एखादी सहकारी संस्था, उत्पादक संघ किंवा न्याय्य व्यापाराची जुनी संस्था गाठावी.

कुस्को येथील 'सेंत्रो दे तेक्स्तीलेस त्रादिसिओनालेस देल कुस्को' ही संस्था १९९६ मध्ये चिंचेरो गावच्या विणकर निल्दा काल्यान्यौपा आल्वारेस यांच्या पुढाकाराने उभी राहिली. चिंचेरो, पितुमार्का, आच्चा आल्ता, चाहुआयतिरे यांसह दहा गावांतील विणकर तिच्याशी जोडलेले आहेत. लोप पावत चाललेली तंत्रे आजी-आजोबांकडून शिकून घेणे आणि मुलांना शिकवणे हे तिच्या कामाचे मोठे अंग आहे. बोलिव्हियात सुक्रे येथे मानववंशशास्त्रज्ञ वेरोनिका सेरेसेदा आणि गाब्रिएल मार्तीनेस यांनी स्थापलेल्या 'आसुर' या संस्थेने खाल्का आणि ताराबुको समाजांचे विणकाम पुन्हा उभारले. या दोन्ही ठिकाणी फॅशनपेक्षा वस्त्रकलेला अधिक स्थान आहे. ज्यांना हंगामागून हंगाम स्वेटर आणि टोप्या हव्या आहेत, त्यांनी पुनो, लिमा किंवा एल आल्तो येथील निर्यात करणारे कारागीर संघ शोधावेत.

संघ निवडताना जागतिक न्याय्य व्यापार संघटनेचे, म्हणजे डब्ल्यूएफटीओचे, सदस्यत्व आहे का हे विचारावे. १९८९ मध्ये स्थापन झालेली ही संघटना दहा तत्त्वांवर संपूर्ण संस्थेची तपासणी करते. कॉफीच्या किंवा कापसाच्या पाकिटावर दिसणारी फेअरट्रेडची खूण याहून वेगळी आहे. ती त्या त्या मालाच्या पुरवठा साखळीला मिळते आणि हातविणीच्या अल्पाका मालावर सहसा आढळत नाही. तथापि प्रमाणपत्र पाहून थांबू नये. मजुरीचा दर कोण ठरवतो, सभासदांची सभा वर्षातून किती वेळा भरते, नफा उरला तर त्याचे काय होते आणि मागील वर्षी एका सभासदाला सरासरी किती काम मिळाले, हे चार प्रश्न विचारावेत. चौथ्याचे उत्तर सर्वांत बोलके असते, कारण दर उत्तम आणि काम वर्षातून तीन आठवडे, अशी अवस्था अनेक संघांत असते. पेरूत २००७ पासून कारागिरांसाठी स्वतंत्र कायदा आहे आणि त्याखाली राष्ट्रीय कारागीर नोंदणी चालते. सभासदांची तेथे नोंद आहे का, हेही पाहावे.

भाषेचा विचार लवकर करावा. संघाचे पदाधिकारी स्पॅनिश बोलतात, परंतु खेड्यातील वयस्क स्त्रियांना क्वेचुआ किंवा आयमाराच अधिक जवळची असते. केवळ स्पॅनिशमध्ये बैठक घेतली तर पुरुष आणि तरुण मंडळी बोलतात, आणि जिला प्रत्यक्ष विणायचे आहे ती गप्प बसते. स्थानिक दुभाष्याचा खर्च आपल्या अंदाजपत्रकात धरावा. बैठकीला बोलावलेल्या विणकरांचा दिवस बुडतो, त्याचेही पैसे द्यावेत.

लोकर कोठून येते

जगातील सर्वाधिक अल्पाका पेरूत आहेत आणि त्यांचे कळप समुद्रसपाटीपासून सुमारे चार हजार मीटर किंवा त्याहून अधिक उंचीवर, जेथे बटाट्याखेरीज फारसे काही पिकत नाही अशा माळांवर, लहान कुटुंबांच्या ताब्यात असतात. लोकर वर्षातून एकदा कातरली जाते. एका जनावराची लोकर साधारण दोन-अडीच किलो भरते. ही लोकर विकत घेणारे फिरते दलाल बहुधा सरसकट वजनावर भाव देतात, त्यामुळे ज्याने बारीक लोकरीची जनावरे मेहनतीने राखली त्यालाही जाड लोकरीचाच भाव मिळतो. पुढे ही लोकर प्रामुख्याने आरेकिपा शहरातील कारखान्यांत जाते. तेथे अनुभवी स्त्रिया हाताच्या स्पर्शाने तिची प्रतवारी करतात आणि मग तिचे सूत व टॉप्स, म्हणजे विंचरलेल्या लोकरीचे पेळू, तयार होतात.

येथे खरेदीदाराला काही शब्द नीट माहीत हवेत. 'बेबी अल्पाका' ही लोकरीची प्रत आहे आणि तिचा पिल्लांशी थेट संबंध नाही. पेरूच्या मानकाप्रमाणे २३ मायक्रॉन (एक मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग) किंवा त्याहून बारीक लोकरीला हे नाव मिळते. २३.१ ते २६.५ मायक्रॉनची लोकर 'फ्लीस' आणि त्यापुढे २९ पर्यंतची 'मीडियम फ्लीस' समजली जाते, ३१.५ च्या वरची जाड लोकर गालिचे आणि भरड कापडासाठी जाते. गळ्याभोवती घालण्याच्या वस्तूला बेबी प्रत हवी हे खरे, पण अंगरख्यावरून घालायच्या कोटाला, पिशवीला किंवा पांघरुणाला ती मागण्याचे कारण नाही. सर्वच खरेदीदार बारीक लोकर मागतात आणि जाड लोकर मातीमोल भावाने पडून राहते. आपल्याकडे दख्खनी मेंढीच्या लोकरीचे आणि घोंगडीचे हेच झाले आहे. जाड लोकरीसाठी एखादी चांगली वस्तू ज्या डिझायनरला सुचेल, त्याचा उपयोग पशुपालकांना मोठमोठ्या घोषणांपेक्षा अधिक होईल.

कुस्कोच्या पर्यटन बाजारात अल्पाका म्हणून विकल्या जाणाऱ्या पुष्कळशा स्वेटरांमध्ये ॲक्रिलिक असते. नमुन्यातील धाग्याचे टोक चिमट्यात धरून पेटवून पाहावे. जनावराची लोकर केस जळल्यासारखा वास देते आणि तिची राख बोटांत चुरडते. ॲक्रिलिक वितळून त्याचा कडक मणी होतो. मिश्रणाचा संशय असेल तर प्रयोगशाळेतूनच खात्री करून घ्यावी. मिश्र धागा वापरणे गैर नाही, तसे सांगितले मात्र पाहिजे.

जनावरांच्या वागणुकीविषयीही विचारावे. २०२० मध्ये पेरूतील एका मोठ्या फार्मवर कातरणीच्या वेळी अल्पाकांना निर्दयपणे हाताळल्याचे चित्रीकरण प्रसिद्ध झाले आणि अनेक ब्रँडनी अल्पाका वापरणेच थांबवले. त्याचा फटका ज्यांचा त्या फार्मशी काही संबंध नव्हता अशा लहान पशुपालकांनाही बसला. २०२१ मध्ये टेक्स्टाइल एक्स्चेंज या संस्थेने जबाबदार अल्पाका मानक जाहीर केले. या मानकाखालील सूत आरेकिपाच्या बाजारात मिळते, परंतु प्रमाणपत्राचा खर्च लहान कळपाला झेपत नाही. म्हणून गटाने प्रमाणपत्र घेतले आहे का, आणि नसल्यास कातरणी प्रत्यक्ष पाहता येईल का, असे दोन्ही विचारावे.

विकुन्या या अल्पाकाच्या रानटी भाईबंदाच्या लोकरीचा मोह टाळावा. १२-१३ मायक्रॉनची ही लोकर अत्यंत मौल्यवान आहे. शिकारीमुळे हा प्राणी विसाव्या शतकाच्या मध्यास जवळजवळ नामशेष झाला होता, आणि १९६७ मध्ये आयाकुचो भागात पांपा गालेरास हे अभयारण्य झाल्यावर तो हळूहळू सावरला. आजही गावकरी हातात हात घालून साखळी करतात, मोकळ्या कळपाला कुंपणात आणतात, लोकर कातरून त्याला पुन्हा सोडून देतात. या सामूहिक हाक्याला 'चाकु' म्हणतात. व्यापारावर आंतरराष्ट्रीय निर्बंध आहेत आणि परवान्यावाचून काहीही करता येत नाही. २०२४ मध्ये ब्लूमबर्गने एका युरोपीय ब्रँडविषयी वृत्त दिले. त्यानुसार सुमारे नऊ हजार डॉलरना विकल्या जाणाऱ्या स्वेटरला लागणाऱ्या लोकरीसाठी पेरूतील गावाला साधारण २८० डॉलर मिळत होते. नव्या, लहान व्यावसायिकाने या मार्गाला न जाणे बरे.

मागाकडे पाहून डिझाइन करावे

कुस्को भागातील कमरेच्या मागाला चौकट नसते. विणकर जमिनीवर बसते. ताण्याचे, म्हणजे उभ्या धाग्यांचे, एक टोक समोर रोवलेल्या खुंटाला बांधलेले असते आणि दुसरे तिच्या कमरेच्या पट्ट्याला. ती मागे रेलली की ताणा घट्ट होतो, पुढे झुकली की सैल पडतो. नक्षीसाठी ती ताण्याचे धागे बोटांनी एकेक करून वर उचलते, त्यांतून बाणा, म्हणजे आडवा धागा, घालते आणि लामा या प्राण्याच्या हाडापासून केलेल्या टोकदार 'रुकी'ने प्रत्येक ओळ ठोकून बसवते. नक्षीचा कागद समोर नसतो. कोणत्या ओळीत कोणता धागा उचलायचा हे तिच्या हातांना ठाऊक असते. नागालँडचा कमरमाग ज्यांनी पाहिला आहे, त्यांना ही बैठक ओळखीची वाटेल.

या रचनेतून डिझायनरला तीन बंधने पाळावी लागतात. पहिले असे की या कापडात ताणाच दिसतो आणि बाणा त्याखाली झाकला जातो. त्यामुळे सगळे रंग ताणा लावतानाच पक्के होतात. अर्धे कापड विणून झाल्यावर 'तो लाल पट्टा थोडा गडद करा' अशी सूचना पाठवणे म्हणजे तिला सर्व काही उलगडायला सांगणे होय. दुसरे बंधन रुंदीचे. विणकराच्या हाताच्या पोचीएवढीच रुंदी मिळते, म्हणून खांद्यावरची 'लिक्ल्या' ही पारंपरिक शाल दोन पट्ट्या मधोमध जोडून केलेली असते. तिसरे आणि सर्वांत महत्त्वाचे बंधन कात्रीचे. जुन्या रीतीने विणलेल्या कापडाला चारही बाजूंनी पक्की किनार असते. शेवटच्या काही बोटांच्या जागेत रुकी फिरवायलाही वाव उरत नाही, तेथे सुईने एकेक धागा ओवून ते पुरे केले जाते, आणि हा भाग सर्वांत मंद गतीने सरकतो. असे कापड जॅकेटच्या बाहीसाठी कापून टाकले तर त्यातला सर्वांत कष्टाचा भाग चिंध्यांत जातो. पिशवी, कमरपट्टा, उशीचा अभ्रा, दोन पट्ट्यांचा पोंचो असे प्रकार या कापडाला न कापता करता येतात. सरळ कापायचेच असेल तर पायमागावरचे कापड घ्यावे. स्पॅनिश राजवटीत आलेल्या या मागांवर आयाकुचो आणि ओतावालो येथे, मुख्यतः पुरुष, लांबच लांब कापड विणतात.

सूतही पाहून घ्यावे. खेड्यात लोकर टकळीवर कातली जाते, चालता चालता, जनावरे राखता राखता. दोन धागे एकत्र करून त्यांना पुन्हा इतका पीळ दिला जातो की सैल सोडल्यास धागा स्वतःभोवती गुंडाळतो. मागावरचे घर्षण सोसण्यासाठी हा पीळ लागतो, परंतु स्वेटरसाठी तो नकोसा कडक वाटतो. म्हणून सुयांवरच्या विणीसाठी गिरणीचे सूत घेतले जाते, आणि त्यात काहीही कमीपणा नाही. 'पूर्णपणे हातकताई' असे लिहायचे असेल तर कताईची मजुरी वेगळी मोजून द्यावी. विणण्याइतका किंवा त्याहून अधिक वेळ कातण्यात जातो, आणि तोच वेळ हिशेबातून बहुतेकदा सुटतो.

नैसर्गिक रंग हवे असतील तर फरक मान्य करावा लागतो. लाल आणि गुलाबी छटा निवडुंगावर वाढणाऱ्या कोचिनिल किड्यापासून मिळतात. या किड्याच्या उत्पादनात पेरू जगात अग्रेसर आहे. त्याच रंगात लिंबासारखे आम्ल घातले की तो केशरीकडे झुकतो, लोखंडाचा क्षार घातला की जांभळटकडे. हिरवा रंग चिल्का या झुडपापासून आणि पिवळा कोल्येच्या फुलांपासून निघतो. रंग धरण्यासाठी आपल्याकडच्याप्रमाणेच तुरटी वापरतात. पाणी, हंगाम आणि भांडे बदलले की छटा बदलते. म्हणून छापील रंगपत्रिकेतील एकच क्रमांक पाठवू नये. मान्य छटांची फिकट, मध्यम आणि गडद अशी तीन सुतांची लडी दोन्ही बाजूंकडे ठेवावी, आणि त्या पट्ट्यात बसणारा माल परत पाठवणार नाही असे लेखी द्यावे. धुण्याची आणि घासण्याची चाचणी मात्र आधीच करून घ्यावी, कारण त्याची जबाबदारी विक्रेत्याची आहे.

नमुना आणि मापे

अल्पाकाला मेंढीच्या लोकरीइतकी लवचीकता नसते. त्यामुळे स्वेटर आपल्याच वजनाने खाली ओढला जातो, मनगटाच्या आणि गळ्याच्या पट्ट्या सैल पडतात. मेंढीच्या लोकरीसाठी केलेली मापे जशीच्या तशी पाठवल्यास नमुना ढगळ येतो आणि दोष विणकराला दिला जातो. पट्ट्यांची वीण घट्ट ठेवावी, जड धागा टाळावा, आणि दहा सेंटिमीटर चौकोनात किती टाके आणि किती ओळी बसतात हे धुऊन वाळवल्यावर मोजावे. दहा विणकरांचे हात दहा प्रकारे घट्ट-सैल असतात. प्रत्येकीकडून आधी एक चौकोन विणून घेतला, आणि जिचा हात सैल तिला एक क्रमांक बारीक सुई दिली, तर पुढचा बराच वाद टळतो.

नमुन्याची मजुरी पूर्ण द्यावी, आणि नेहमीच्या दराच्या दीडपट द्यावी असे माझे ठाम मत आहे. पहिल्या नमुन्यात उसवणे, विचार करणे, पुन्हा विणणे हे सर्व येते. 'ऑर्डर मिळाली तर नमुन्याचे पैसे देऊ' असे म्हणणारा खरेदीदार आपल्या निर्णयाचा खर्च तिच्यावर टाकत असतो. मापपत्र चित्रमय असावे, मापे सेंटिमीटरमध्ये असावीत, आणि सुधारणा लांब ईमेलने न कळवता नमुन्याच्या फोटोवर बाण काढून व्हॉट्सॲपवर पाठवाव्यात. बहुतेक संघांत प्रत्यक्ष काम असेच चालते.

मजुरीचा हिशेब

कारागिराला नगावर मजुरी मिळते, आणि नगाचा दर बाजारातल्या किमतीवरून उलटा काढत आणला की तिच्या वाट्याला उरेल ते येते. हिशेब वेळेपासून सुरू करावा. पेरूत २०२५ च्या प्रारंभापासून किमान मासिक वेतन १,१३० सोल (पेरूचे चलन) आहे आणि कामाचा आठवडा जास्तीत जास्त ४८ तासांचा. महिन्याचे सुमारे २०८ तास धरले तर तासाला ५.४ सोल पडतात. परंतु नियमित नोकरीतील माणसाला जुलै आणि डिसेंबरमध्ये एकेक जादा पगार, पगारी सुट्टी आणि आरोग्य विमा मिळतो. घरी बसून विणणाऱ्या बाईला यांपैकी काहीच मिळत नाही. केवळ दोन जादा पगार धरले तरी तासाचा दर ६.३ च्या वर जातो. सुट्टी आणि विमा जमेस धरून ७ सोलांच्या खाली जाऊ नये, असे मी सुचवीन. समजा एका स्वेटरला ४० तास लागत असतील तर विणकामाची मजुरी २८० सोल झाली. त्यावर सूत, शिवण, धुलाई, संघाचा खर्च आणि वाहतूक येते. हा आकडा पाहून आपली विक्रीची किंमत जमत नसेल, तर डिझाइन सोपे करावे, वीण मोठी घ्यावी किंवा स्वेटरऐवजी टोपी करावी. मजुरी कमी करून आकडा जमवू नये.

तास कसे मोजायचे, हा प्रश्न नाजूक आहे. सर्वांत वेगवान विणकराचा वेळ प्रमाण मानला जातो आणि बाकीच्यांना त्याच नगदरावर कमी कमाई होते. मध्यम गतीच्या तीन-चार स्त्रियांनी स्वतः वेळ लिहून ठेवावा आणि सरासरी संघाच्या सभेत मंजूर व्हावी, ही रीत बरी. येवल्यातील नगावरच्या मजुरीची चर्चा ज्यांनी ऐकली आहे, त्यांना यातले ताण वेगळे समजावून सांगण्याची गरज नाही.

चलनाचाही करार हवा. इक्वेडोरमध्ये २००० पासून अमेरिकी डॉलरच चालतो. पेरूत सोल, बोलिव्हियात बोलिव्हियानो. बोलिव्हियात २०२३ पासून डॉलरची टंचाई जाणवू लागली, आणि अधिकृत दर व बाजारातील दर यांत मोठे अंतर पडले. रक्कम कोणत्या चलनात ठरली, कोणत्या दराने पोचेल आणि बँकेचे शुल्क कोण भरेल, हे कागदावर असावे.

आगाऊ रक्कम आणि मुदत

डब्ल्यूएफटीओच्या तत्त्वांनुसार हस्तकलेच्या मालासाठी मागणी केल्यास किमान ५० टक्के रक्कम बिनव्याजी आगाऊ द्यायची असते. हा नियम या संपूर्ण व्यवहाराचा कणा आहे. आगाऊ पैसे मिळाले नाहीत तर विणकर सूत उधारीवर घेते, उधारीवर व्याज चढते, आणि माल बोटीवर चढण्याआधीच तिची मजुरी त्यात जिरते. उरलेली रक्कम माल पाठवताना, कागदपत्रे हाती येताच द्यावी. विक्री झाल्यावर देऊ असे ठरवू नये. ऑर्डर रद्द करावी लागली तर झालेले काम आणि घेतलेले सूत यांची पूर्ण भरपाई करावी लागेल, हे कलम करारात खरेदीदाराने स्वतःहून घालावे, कारण ते मागण्याचा धीर विणकराला क्वचितच होतो.

मुदत ठरवताना तेथील वर्ष समोर ठेवावे. साधारण सप्टेंबरपासून पेरणीची कामे सुरू होतात. डिसेंबर ते मार्च पावसाळा असतो, रस्ते खचतात, लोकर आणि रंगवलेले सूत वाळत नाही. फेब्रुवारी-मार्चमध्ये कार्निव्हल येतो. मे आणि जूनमध्ये बटाट्याची काढणी असते, आणि त्याच सुमारास कोयुर रिती ही मोठी यात्रा व २४ जूनचा इंती रायमी उत्सव येतो. शेतीच्या कामात 'आयनी' म्हणजे एकमेकांकडे श्रमाची परतफेड करण्याची रीत आहे. शेजारणीच्या शेतात आज गेले नाही तर उद्या आपल्या शेतात कोणी येत नाही. तुमची ऑर्डर कितीही तातडीची असली तरी ती त्यापुढे जाऊ शकत नाही, आणि जाऊही नये. युरोप-अमेरिकेच्या हिवाळ्यासाठी माल ऑगस्टमध्ये हवा असेल तर नमुने आदल्या वर्षीच्या ऑक्टोबरपर्यंत मंजूर झालेले असावेत. असे केल्यास विणकाम वर्षभर थोडे थोडे चालते. मे महिन्यात घाईची ऑर्डर आली की रात्री अपुऱ्या उजेडात विणावे लागते, किंवा काम घरातल्या शाळकरी मुलींकडे सरकते. बालमजुरी नको असे लिहून देणाऱ्या खरेदीदाराच्या अवास्तव मुदतीमुळेच ती घडण्याची शक्यता वाढते.

नक्षीवर हक्क कोणाचा

टिटिकाका सरोवरातील ताकिले बेटावरील वस्त्रकलेला युनेस्कोने २००५ मध्ये मानवतेचा अमूर्त वारसा म्हणून गौरवले. तेथे पुरुष 'चुल्यो' म्हणजे कानटोप्या विणतात, आणि टोपीच्या रंगावरून माणूस विवाहित आहे की अविवाहित हे कळते. रुंद कमरपट्ट्यांवर शेतीच्या आणि विधींच्या वार्षिक चक्राच्या खुणा विणलेल्या असतात. अशी नक्षी उचलून कारखान्यात छापणे कायद्याने प्रत्येक देशात गुन्हा ठरेलच असे नाही. तरी ते करू नये. चिंचेरोची 'लोरायपू' नक्षी पाहून तो गाव ओळखता येतो, तसे अनेक नक्ष्यांचे आहे.

व्यवहारात पुढील रीत चालते. कोणती नक्षी विकायला हरकत नाही आणि कोणती घरच्या व विधींच्या वापरापुरती ठेवायची, हे गावाच्या सभेला विचारावे आणि नकार आला तर कारण मागू नये. परवानगी मिळालेली नक्षी त्याच गावात विणून घ्यावी. स्वस्त पडते म्हणून ती दुसऱ्या गावाला किंवा दुसऱ्या देशाला पाठवू नये. तंत्र आणि गावाचे नाव विक्रीच्या वर्णनात द्यावे. विणकराचे नाव आणि फोटो तिची संमती असेल तरच वापरावेत, आणि फोटो जाहिरातीत वापरायचा असेल तर त्याचे वेगळे पैसे द्यावेत. आपण आणि विणकर मिळून नवी नक्षी तयार केली तर ती पुढे कोणाला विकता येईल हेही आधीच लिहून ठेवावे. 'ही रचना फक्त आमच्यासाठी' अशी अट घालायची असल्यास तिची मुदत ठरवावी, आणि त्या मुदतीत किमान किती काम देणार याची हमी द्यावी. पारंपरिक नक्षीवर अशी अट कधीच घालू नये.

तपासणी, लेबल आणि वाहतूक

तपासणी विणकरांच्या गावातच, माल बांधण्यापूर्वी व्हावी. पुणे किंवा लंडन येथे पोचलेला सदोष स्वेटर परत पाठवणे कोणालाही परवडत नाही, आणि मग नुकसान निमूटपणे मजुरीतून कापले जाते. संघातील दोन स्त्रियांना तपासणीचे प्रशिक्षण आणि त्याचा मोबदला द्यावा. दोषांची यादी मान्य नमुन्याशी जोडलेली असावी: मापात दोन सेंटिमीटरपेक्षा अधिक फरक, सुटलेला टाका, उघडी शिवण. हाताच्या विणीतला हलका चढउतार हा दोष मानू नये.

युरोपीय संघात आणि अमेरिकेत धाग्यांचे प्रकार टक्केवारीसह लेबलावर लिहिणे बंधनकारक आहे, म्हणून सुताच्या गिरणीकडून संरचनेचे पत्र प्रत्येक खेपेला मागून घ्यावे. पेरूतून लहान खेपा पाठवण्यासाठी टपाल खात्यामार्फत 'एक्स्पोर्ता फासिल' ही सोपी योजना आहे. मोठ्या खेपेला एजंट लागतो. भारतात माल आणताना सीमाशुल्काचे वर्गीकरण आधी पक्के करून घ्यावे, कारण विणलेली शाल आणि सुयांवर विणलेला स्वेटर वेगवेगळ्या प्रकरणांत मोडतात. माल कापडी पिशवीत, देवदाराचे तुकडे किंवा लॅव्हेंडर घालून बांधावा. लोकरीला कसर लागते आणि मुंबई-कोकणच्या दमट हवेत तर फार लवकर लागते.

पहिल्या खेपेनंतर

पहिली ऑर्डर लहान असावी, पण दुसरीचा अंदाज तिच्याबरोबरच द्यावा. वर्षाला तीस स्वेटर पाच वर्षे घेणारा खरेदीदार एकदाच दीडशे घेऊन नाहीसा होणाऱ्यापेक्षा किती तरी पटींनी उपयोगी ठरतो, कारण त्या भरवशावर संघ सूत घाऊक घेऊ शकतो आणि नव्या मुलींना शिकवू शकतो. दर वर्षी दराची फेरतपासणी व्हावी आणि ती महागाई पाहून संघाने मांडावी. काय विकले गेले, काय पडून राहिले, गिऱ्हाइकांनी काय म्हटले, हे विणकरांना कळवावे. बहुतेक खरेदीदार हे कधीच कळवत नाहीत, आणि मग पुढच्या वर्षी कोणता रंग लावावा याचा अंदाज विणकरांना बांधता येत नाही.

व्यवसाय आवरता घ्यावा लागला तर किमान एक हंगाम आधी सूचना द्यावी, म्हणजे पुढच्या हंगामाचे सूत घेण्यापूर्वी. आधीच घेऊन ठेवलेले सूत आणि खास तुमच्यासाठी रंगवलेल्या लड्या मूळ किमतीला विकत घ्याव्यात, मापपत्रे आणि नमुने संघाकडेच राहू द्यावेत, आणि ओळखीचा दुसरा खरेदीदार असेल तर त्याची गाठ घालून द्यावी.